रत्नाच्या भुवया

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. बुद्धविहारात डोळे मिटून बसते तेव्हा ते ओठांपर्यंत येतं — आणि मी गिळून टाकते. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही रत्नाला ओळखत नाही.

घुग्घुसला माझं ब्युटी पार्लर आहे. कोळशाच्या ट्रकांचा रस्ता. आरसा दिवसातून चारदा पुसावा लागतो. रत्ना माझी पाचवीपासूनची मैत्रीण. लग्न करून कोरपन्याला गेली, तिथेच शाळेत शिकवू लागली. तीन वर्षांपूर्वी तिच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला उपचार झाले, ती बरी झाली. डोक्यावरचे केस परत आले. भुवया मात्र आल्याच नाहीत.

ती रोज पेन्सिलने भुवया काढून शाळेत जायची. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. एकदा शिकवता शिकवता तिनं रुमालानं कपाळ पुसलं, आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमची एक भुवई गेली." मला हे सांगताना रत्ना खूप हसली. मग हसता हसता रडायला लागली.

म्हणून ती माझ्याकडे आली. मोबाइलवर बघून बघून तिनं सगळी माहिती काढली होती. दोन प्रकार होते. एक मायक्रोब्लेडिंग — बारीक पात्यानं त्वचेत केसासारख्या रेघा ओढायच्या आणि त्यात रंग भरायचा. दुसरा पावडर ब्रो — मशीनच्या सुईनं बारीक ठिपके देत हलकी छटा भरायची. दोन्ही वर्ष-दोन वर्षं टिकतात.

"यातलं कोणतं करू?" मोबाइलवर दोन्हींचे फोटो माझ्यासमोर धरून ती म्हणाली. "मले काही समजून नाई राह्यलं. तू सांगशील तेच करीन."

मला उत्तर माहीत नव्हतं का?

नागपूरला मी जो क्लास केला, तिथं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — तेलकट त्वचेवर रेघा पसरतात, तिथं पावडरच करायचं. मोठ्या आजारातून उठलेली बाई असेल तर आधी तिच्या डॉक्टरांना विचारायचं. आणि रत्नाचं कपाळ? शाळेत आम्ही तिला त्यावरून चिडवायचो, इतकं तेलकट. पण मी शिकले होते फक्त रेघा. पावडर शिकली ती माझ्यासोबतची शबाना, चंद्रपूरची. ती पुढच्या क्लासला थांबली, मी परत आले.

"शबानाकडे जा" — एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हटलं? घुग्घुसच्या बाया आधीच चंद्रपूरला जाऊ लागल्या होत्या. त्यात माझी स्वतःची मैत्रीणही तिकडे गेली, तर माझ्या पार्लरबद्दल लोक काय म्हणतील? — हे माझ्या मनात आलं. तिच्यासमोर बसून, तिचा हात हातात घेऊन, माझ्या मनात हे आलं.

मी म्हटलं, "रेघाच कर. खरे केस वाटतात. पावडर म्हणजे चिकटवल्यासारखं दिसते."

डॉक्टरांना विचारायचा विषय मी काढलाच नाही.

ती डोळे मिटून पडली. म्हणाली, "दुखलं तरी चालते, सुयांची सवय आहे मले." काम झाल्यावर तिनं आरसा हातात घेतला. मग बोटाच्या टोकानं हवेतच भुवईवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पाह्य ना, मी परत आली."

चार महिन्यांनी ती पुन्हा दारात उभी होती. कपाळापर्यंत स्कार्फ. तिनं तो वर केला. रेघा पसरून एकमेकींत मिसळल्या होत्या, रंग निळसर राखाडी झाला होता. जुनं गोंदण फिकट झाल्यासारखं. पेन्सिल निदान पुसता यायची. हे कसं पुसणार?

आणि मी काय केलं? तिनं तोंड उघडायच्या आधी मीच चढ्या आवाजात बोलले. "पाणी लागू दिलं असशील तू. सांगितलं होतं ना आठ दिवस जपायचं?"

ती आठवायला लागली. "एकदा पोरीले आंघोळ घालताना उडालं होतं थोडं..."

"मग? तेच ते."

"म्हणजे माझंच चुकलं," रत्ना म्हणाली. "तुझी एवढी मेहनत वाया घालवली मी."

तिनं माझी माफी मागितली हो. मी मान डोलावली. ती मान मला अजून जाणवते — डोलताना.

दोन महिन्यांनी एका गिऱ्हाईक बाईकडून कळलं, रत्ना चंद्रपूरला शबानाकडे दिसली. तेव्हा मला काय वाटलं असेल? लाज? नाही. दगा वाटला. खरंच सांगते — इतकं फसवल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. तिच्या आजारपणात मी डबे घेऊन नागपूरला जायची, आणि ती माझ्या पाठीमागे दुसरीकडे गेली! मी पार्लरमध्ये चारचौघींसमोर बोलले, "स्वतः जपलं नाई अन् आता माझं नाव खराब करत फिरून राह्यली."

त्याच आठवड्यात शबानाचा फोन आला. "कोरपन्याची एक मॅडम आली होती. मैंने पूछा, किसने किया? तर म्हणे नागपूरले केलं. नाव काही सांगेना. पण तुझा हात मी ओळखत नाई का? एवढ्या तेलकट स्किनवर रेघा काऊन केल्या तू?"

मी विचारलं, "दुरुस्त होईल का?"

"आधी जुना रंग काढावा लागते. मी म्हटलं, डॉक्टरला विचारून ये, मग पाहू. तर म्हणाली, राहू द्या. आता चेहऱ्यावर कोणाचा हात नको."

मी फोन ठेवला. समोर खुर्चीत एक बाई थ्रेडिंगसाठी मान मागे टाकून बसली होती. मी दोरा उचलला. दुसरं काय केलं? काहीच नाही.

मागच्या उन्हाळ्यात आरमोरीला वर्गातल्या एका मैत्रिणीकडे लग्न होतं. मांडवामागे नळावर हात धुताना रत्ना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. जाड फ्रेमचा मोठा चष्मा, अगदी भुवयांवर बसणारा. तिचा आवाज चढलेला नव्हता. उलट शाळेत मुलाला विचारावं तसं, सांगायला जागा ठेवून तिनं विचारलं, "एकच सांग. तुले आधीपासून माहीत होतं का?"

कोणी जवळ नव्हतं. ती वाट बघत होती.

"नाई गं," मी म्हटलं. "आम्हाले असं कोणी शिकवलंच नाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाली. पदराला हात पुसले आणि जेवणाच्या पंगतीत जाऊन बसली — माझ्यासाठी शेजारची जागा न धरता. त्यानंतर तिचा फोन नाही. मीही केला नाही.

मला माहीत होतं. तिनं दोन्ही फोटो माझ्यासमोर धरले, तेव्हाच माहीत होतं.