झाकणं उलटी कोणी ठेवली?

ओवीच्या उशीत काचेचा तुकडा उभा रुतला होता. माझ्या हाताएवढा. डोकं ठेवते तिथेच. खिडकीची अख्खी चौकट उखडून गादीवर आडवी पडली होती. माझी सून प्राजक्ता दारातच थांबली आणि तिने ओवीला असं काही आवळून धरलं की पोरगी किंचाळायला लागली. मी म्हटलं, "अगं सैल धर, श्वास तरी घेऊ दे तिला." मला तेवढंच सुचलं.

ओवी माझी नात. तेव्हा दीड वर्षाची होती. थोड्याच वेळापूर्वी ती आणि तिची आई त्याच गादीवर झोपल्या होत्या. त्या तिथून का उठल्या, ते सांगायला हे लिहिते आहे.

मागे या सदरात एकाने घाटातल्या पांढऱ्या साडीवालीचं लिहिलं होतं. वाचून मी म्हटलं, या लोकांना कामधंदे नाहीत. भूत, करणी, उतारा... मी यातलं काही मानत नाही. तिठ्यावर लिंबू पडलेलं दिसलं आणि चांगलं असलं, तर मी ते घरी आणून सरबत करते. मी चौथीपर्यंत शिकले आहे, सजवून लिहिता येत नाही. झालं तसं सांगते.

आम्ही डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावर राहतो. मागच्या खोलीची खिडकी सरळ केमिकलच्या कंपन्यांकडे आहे. कधी सडक्या अंड्यांचा वास, कधी गोडसर, डोकं धरणारा. तक्रार केली की माणूस येतो, वास घेतो, जातो.

त्या खोलीत माझे डबे होते. आमचे हे मालवाहू बोटीवर होते. सुरुवातीला साड्या आणायचे, एकही धड नसायची. मी सांगितलं, साड्या नकोत, तिथले पत्र्याचे डबे आणा, रिकामे असले तरी चालतील. मग जपानचे चहाचे डबे आले, बगळ्यांचे. हॉलंडचे कोकोचे. इंग्लंडचे टॉफीचे, राणीच्या तोंडाचे. इजिप्तचा सिगारेटचा चपटा डबा, त्यावर उंट. रशियाचा मिठाईचा, तीन घोड्यांच्या गाडीचा... त्याचं झाकण गंजून बसलेलं, माझ्या मुलाने, निलेशने, पक्कड लावली तरी हललं नव्हतं. हे गेल्यावर मी ओळखीपाळखीच्यांना सांगून मागवत राहिले. दोन भिंतींना छतापर्यंत फळ्या होत्या. मी त्यात डाळ-तांदूळ भरत नाही. बघायला ठेवते. लोक विचारतात, उपयोग काय? तुमच्या शोकेसमधल्या ताजमहालाचा काय उपयोग आहे?

घरात एकच नियम. झाकण काढलंच तर चित्र खाली करून ठेवायचं नाही. रंग खरवडतो. चित्र गेलं की उरतो नुसता पत्रा. हा नियम प्राजक्तालाही पाठ होता, कारण तिला ती खोली ओवीसाठी हवी होती आणि आमचं त्यावरून सारखं वाजत होतं.

त्या दुपारी प्राजक्ता ओवीला घेऊन त्या खोलीत गादीवर झोपली होती आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून कोथिंबीर निवडत होते. चष्मा आणायला मागच्या खोलीत गेले आणि बघतच राहिले. सगळ्या डब्यांची झाकणं काढलेली. सगळ्या! आणि प्रत्येक झाकण आपापल्या डब्याच्या पुढे, फळीच्या कडेला, उलटं ठेवलेलं. चित्र खाली, पोकळ बाजू वर. छताजवळच्या फळीवरसुद्धा.

माझं डोकंच फिरलं.

"प्राजक्ता! ऊठ! हे काय केलंस?"

ती दचकून उठली. "काय झालं आई?"

"मलाच विचारतेस? झाकणं कोणी काढली?"

तिने डोळे चोळत फळ्यांकडे पाहिलं. "मी कशाला काढू? मी झोपले होते हो."

"मग डब्यांना उकडलं म्हणून त्यांनी टोप्या काढल्या?"

"तुमच्या डब्यांना मी हात लावत नाही. लावला की तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलत नाही. तसं ते बरंच असतं, पण तरी नाही लावत."

"तुला खोली हवी आहे, म्हणून हे चाळे!"

"हो, हवी आहे! पोरीला खेळायला जागा नाही. पण त्यासाठी मी चोरासारखी झाकणं काढत बसेन? सरळ भंगारवाल्याला बोलवीन!"

"बोलाव! बोलावूनच बघ!"

ओवी उठून रडायला लागली. प्राजक्ताने तिला उचललं, पायात मिळेल ती चप्पल घातली. "मी चालले ठाण्याला, आईकडे. तुम्ही राहा तुमच्या डब्यांबरोबर."

"जा! घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बस पोरीला घेऊन! दुधाची बाटली तरी घे!"

ती थांबली नाही. मी समोरचं एक झाकण उचललं आणि तिच्या मागे निघाले. तिला खरवडलेला रंग दाखवायचाच होता. जिन्यात प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. पहिल्या मजल्यावरच्या शोभाताई म्हणाल्या, "काकू, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, तुमची भाजी करपतेय ती बघा." तळमजल्यावर मीटरच्या पेट्यांपाशी मी प्राजक्ताला गाठलं, झाकण तिच्या नाकासमोर धरलं आणि तोंड उघडलं...

तेवढ्यात तो आवाज झाला. आवाजापेक्षा धक्काच म्हणा. पायाखालची लादी हलली, कान बंद झाले. मग बिल्डिंगच्या काचा बाहेर पडायला लागल्या, पडतच राहिल्या. आम्ही जिन्याखाली होतो म्हणून खरचटलंही नाही. मागच्या एका कंपनीत स्फोट झाला होता. वर जाऊन पाहिलं, ते आधी सांगितलंच आहे. डबे खोलीभर उडाले होते, काही चेपले होते. माझ्या हातात मात्र ते झाकण तसंच होतं. तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. तीन घोड्यांची गाडी. पक्कड लावूनही न निघालेलं रशियाच्या डब्याचं झाकण.

निलेश इंजिनियर आहे. तो म्हणाला, "आई, प्रेशर असेल. आधी एखादा छोटा हादरा बसला असेल."

"हादऱ्याने झाकण उडतं रे. आपापल्या डब्यापुढे ओळीत बसत नाही. आणि वरच्या फळीवर स्टुलाशिवाय हात पोचत नाही. स्टुलावर मी बसले होते."

त्याने रशियाचं झाकण उचलून उलटसुलट पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बाबा झाकण असंच ठेवायचे ना... उलटं?"

ठेवायचे. खरं आहे. त्यावरून मी जन्मभर त्यांच्यावर ओरडले. पण ते जिवंत असताना या माणसाने मला एक गोष्ट वेळेवर सांगितली नाही. घरी यायचे ते न कळवता, गेले तेही न सांगता. ते आता मेल्यावर सुधारले? आणि तेच असतील तर सांगायची ही पद्धत आहे? माझ्या राणीचं नाक खरवडलं! सरळ हाक मारायची होती.

शोभाताईंचं तर विचारूच नका. मी नसताना घरात येऊन त्यांनी रशियाच्या डब्याला हळदीकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. वर मला म्हणतात, "काकू, डबा जागृत आहे. गुरुवारी आरती करू या." मी डबा पुसायला घेतला तर हळदीबरोबर एका घोड्याचं तोंड निघालं. शोभाताईंना मी दाराबाहेर काढलं. अजून माझ्याशी बोलत नाहीत. माझं काही अडलेलं नाही.

पण मला खरा राग वेगळाच येतो. त्या कंपनीत माणसं गेली. त्यांचे डबे असतील की, जेवणाचे, तिथेच बाजूला ठेवलेले. त्यांची झाकणं कोणी काढली नाहीत. त्यांना उठवायला कोणी भांडण काढलं नाही. इशारा द्यायचाच होता तर जिथे आग लागणार होती तिथे द्यायचा. म्हातारीचे टॉफीचे डबे कसले उघडता? असली कसली ही दैवी शक्ती, जिला कंपनीचं गेट सापडत नाही? लोक मला भाग्यवान म्हणतात. मी त्यांना विचारते, मग ती माणसं कमनशिबी होती, की कंपनीने त्यांना मरू दिलं? सगळ्यांना झाकणाचीच गोष्ट हवी असते.

प्राजक्ता आता म्हणते, आई, डबे राहू द्या, मी कधी काही बोलणार नाही. घाबरून दिलेली परवानगी मला नको. मी धडके डबे माझ्या पलंगाखाली नेले, खोली ओवीला दिली आणि खिडकीला बाहेरून जाळी बसवून घेतली. जाळीने काय होणार, ते मलाही कळतं.

झाकणं कोणी काढली ते मला आजही माहीत नाही. प्राजक्ताने नाही, ते मला पटलं आहे. तिला मी तसं सांगितलंसुद्धा. हादऱ्याचं माझ्या गळी उतरत नाही आणि दुसरं काही मी मानत नाही.

त्या दुपारी त्या खोलीत आम्ही तिघी होतो. प्राजक्ता, ओवी आणि मी. तिघीही जिवंत आहोत.