जित्या दगडावरची पावलं

भूकंपानंतर आमच्या भागात दगड नकोसा झाला होता. दगड-मातीच्या जाड भिंतीच माणसांच्या अंगावर आल्या होत्या. ज्यांची घरं शाबूत होती तेही पत्र्याच्या शेडमध्ये झोपत. मी तेव्हा लातूरच्या एका शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवायचो. वर्गात भूकंपाच्या गावांतली मुलं होती. त्यातली एक मुलगी जिना चढताना भिंतीपासून अंग चोरून चालायची. तिची आई भिंतीखाली गेली होती.

या मुलांना मालवणला न्यावं असं माझ्या मनात आलं. अमावास्येच्या ओहोटीला तिथं किनाऱ्यालगतचं प्रवाळ उघडं पडतं. दिसतं दगडासारखं, पण असंख्य बारीक जीवांनी स्वतःभोवती चुना साठवत ते बांधलेलं असतं. दगड जीव घेतो एवढंच ठाऊक असलेल्या पोरांना जीवांनी घडवलेला दगड दाखवावा, इतकाच हेतू होता.

समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. पोरं बुटांसकट प्रवाळावर चढली. पाय कापू नयेत म्हणून बूट घालायला मीच सांगितलं होतं. ती मुलगी मात्र घोटाभर पाण्यात थांबली.

"ये गं," मी म्हणालो, "हा दगड कुणाच्या अंगावर पडत नाही."

"सर, जिता हाय म्हणता, मग आपण उभं राह्यलं तर त्याला दुखत न्हाई का?"

"दुखायला मेंदू लागतो. तो त्याला नाही, तुझ्यासारखाच!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. ती मान खाली घालून चढली. बुटाखाली पापड मोडल्यासारखा आवाज झाला. मी तिचा फोटो काढला. पुढं बरीच वर्षं तो वर्गाच्या जाहिरातीत छापून येत होता, दगडाची भीती जिंकलेली मुलगी म्हणून.

मग लातुरात बाहेरगावच्या पोरांची रीघ लागली. गल्लीगल्लीत वर्ग निघाले. दिवाळीनंतरची आमची सहल इतर वर्गांनीही उचलली. प्रत्येक तुकडीनं त्याच प्रवाळावर उभं राहून फोटो काढायचा, अशी रीतच पडली. आम्ही कुठं काय तोडतो, नुसते उभे तर राहतो, असं मी पालकांना सांगायचो.

पत्नी गेल्यावर मागच्या हिवाळ्यात मी एकटाच मालवणला गेलो. ओहोटी लागली, पण जागा ओळखू येईना. प्रवाळाच्या मोडलेल्या फांद्यांचा चुरा, त्यावर गाळ, गाळावर हिरवं शेवाळ. प्रवाळाचा जिता भाग म्हणजे वरची पातळ कातडी. ती बुटाखाली चिरडते. पावलांनी ढवळलेला गाळ उरलेल्यावर बसतो आणि त्याला जगायला लागणारं ऊन अडवतो. बोटभर वाढायला प्रवाळाला वर्षं लागतात, आणि आम्ही तर दर वर्षी येत होतो. मेंदू नसला तरी स्पर्श होताच ते जीव अंग आत ओढून घेतात. हे सगळं मी वर्गात फळ्यावर लिहून देत होतो. परीक्षेत यायचं ना.

तेव्हा माझ्या घरी एकाच माणसाचा फोन यायचा. त्या मुलीचा. नांदेडला तिचे स्वतःचे वर्ग आहेत. दर रविवारी विचारायची, "सर, जेवलात का?"

एका रविवारी म्हणाली, "सर, यंदा मीच पोरं मालवणला नेणार हाय. तुम्ही पुढच्या सीटवर बसायचं. वर्गात पोरं इचारतात, मॅडम, त्याला दुखत न्हाई का? मी तुमचंच उत्तर देते. लई हसतात."

गप्प बसलो असतो तर माझे रविवार टिकले असते. पण पाहिलं ते सगळं सांगितलं. पोरं नेऊ नकोस म्हणालो. तू विचारलंस तेच बरोबर होतं, हेही सांगितलं.

ती हळूच म्हणाली, "मग तवा का हसलात, सर?"

वर्ग हसत होता आणि मला ते आवडलं होतं, इतकंच खरं. तेही फोन ठेवल्यावर सुचलं.

सहल रद्द केल्याचा निरोप तिनं पाठवला. एवढाच.

आज रविवार. दुपारपर्यंत वाट पाहिली, मग जेवून घेतलं.