फॉरेनचा वास

समजा, तुमच्यापुढे एक खोका ठेवलाय. जाड पुठ्ठ्याचा, कमरेएवढा उंच, आत एखादं शाळकरी पोर पाय दुमडून आरामात बसेल असा. तो तुम्हाला भरायचाय. वजनाची काळजी करू नका, जहाजावर भाडं वजनाचं नाही, खोक्याचं लागतं. त्यामुळे आत जेवढी हवा राहील तेवढं आपलं नुकसान. बुटात मोजे कोंबा, मोज्यात चॉकलेटं, शाम्पूच्या बाटल्यांमधल्या फटीत टूथपेस्ट. हे करताना डोळ्यांपुढे अख्खं घर, शेजार आणि चुलत भावंडांची ती पोरं उभी करा, ज्यांची नावं तुम्हाला नीट आठवतही नाहीत. एखाद्याला विसरलात तर वर्षभर टोमणे ऐकायची तयारी ठेवा. जमेल?

आम्हा फिलिपिनो लोकांना जमतं. कुठेही कामाला गेलो की पहिल्या पगाराला खोलीत आधी रिकामा खोका येतो, मग उशी. तो महिनोन्‌महिने उघडाच राहतो आणि दुकानात जे सवलतीत मिळेल ते त्यात पडत राहतं.

रेनांतेचाही खोका असाच काठोकाठ भरला होता. पण तो अडला वासापाशी.

रेनांते बांतायान बेटावरचा. तिथे अंगणात, रस्त्याच्या कडेला, प्रसंगी बास्केटबॉलच्या मैदानातसुद्धा मासे वाळत घातलेले असतात. त्याचे वडील ताताय इस्को होडी चालवतात. आई, नानाय लोलिंग, मासे चिरून खारवते आणि उन्हात पसरते. एवढं सगळं जन्मापासून नाकात गेल्यावर या पोरानं चौदाव्या-पंधराव्या वर्षीच जाहीर करून टाकलं होतं, की मी माशाला हात लावणार नाही. त्यानं एसी दुरुस्तीचा कोर्स केला. आणि मग नॉर्वेतल्या हंगामी कामाची संधी आली. करारात लिहिलं होतं ‘अन्नप्रक्रिया’. रेनांतेच्या डोळ्यांपुढे बिस्किटं आली.

ताताय इस्कोंच्या डोळ्यांपुढे मात्र काहीतरी वेगळंच आलं असावं. बंदरावर निरोप देताना ते एवढंच म्हणाले, “तिकडे जाऊन मासेच चिरायचे असतील तर सांग, दोंग. आपला समुद्र अजून आटलेला नाही.” ‘दोंग’ म्हणजे आमच्याकडे ‘पोरा’.

“मासे?” रेनांते हसला होता. “ताताय, कंपनी आहे ती. यंत्रं असतात तिथे.”

यंत्रं होती. लोफोटेनच्या आमच्या या गावात कॉडची मुंडकी उडवणारं एक यंत्र होतं आणि गोठवणखोलीची माझी यंत्रं होती, ज्यांच्या जिवावर मी इथे इतकी वर्षं टिकलोय. बाकी सगळं काम हातानं. रेनांतेच्या वाट्याला आलं सगळ्यात जुनं काम: पोट साफ केलेल्या माशांच्या शेपट्या जोडी-जोडीनं दोरीनं बांधायच्या आणि बाहेर लाकडी वलांड्यांवर, म्हणजे मासे सुकवायच्या आडव्या दांड्यांवर, वाऱ्याला टांगायच्या.

आणि त्याचा हात असा चालायचा, की पाहत राहावं. आमचा मुकादम ओडवार, ज्याला हसताना कुणी पाहिलेलं नाही, तो त्याच्या मागे उभा राहून मान डोलवायचा. एकदा म्हणाला, “हा पोरगा याच्यासाठीच जन्माला आलाय.”

रेनांतेला आयुष्यात इतकं वाईट कुणी बोललं नव्हतं.

घरी त्यानं सांगून टाकलं होतं, की आपण शीतगृहात यंत्रांवर आहोत. म्हणजे माझी नोकरी त्यानं परस्पर स्वतःला लावून घेतली होती. व्हिडिओ कॉल करायचा तो मागे बर्फाचा डोंगर घेऊन, कॅमेरा वर धरून.

“तो आवाज कसला रे?” नानाय विचारायची.

“पक्षी आहेत, नानाय. इथले.”

“समुद्रपक्षी वाटतात.”

“इथे सगळेच पक्षी असे ओरडतात.”

कंपनीनं आम्हा सगळ्यांना मिळून दिलेल्या घरातलं सगळ्यात जुनं माणूस म्हणजे मानांग पेर्ला, ‘मानांग’ म्हणजे ताई. ती कोपऱ्यात बसून ऐकायची आणि कॉल संपला की म्हणायची, “कॅमेरा जरा खाली कर की, दोंग. ती टांगलेली बिचारी मुंडकी केव्हाची तुझ्या आईला नमस्कार करतायत.”

आता खोक्याचं सांगतो. आमच्याकडे तो घरी पोचला की कुणी लगेच आत हात घालत नाही. शेजारी जमतात, चिकटपट्टी कापतात, पुठ्ठा उघडतात आणि मग एकेक जण आत डोकं घालून खोल श्वास घेतो. फॉरेनचा वास! साबण, कॉफी, चॉकलेट, नवीन कपडे, सगळ्याचा मिळून जो होतो तो. वस्तू नंतर. आधी वास. नानाय लोलिंगच्या समोरच राहणाऱ्या मानांग बेबिंगची मुलगी दुबईत आहे. तिच्या खोक्याच्या वासाचं कौतुक गल्लीनं चार वर्षं ऐकलं होतं. यंदा जत्रेच्या आधी नानायची पाळी होती.

मार्च महिन्यात खोके न्यायला ऑस्लोहून डॅनिलो ट्रक घेऊन आला. तोही आमच्यातलाच, बोलका, सोन्याचा दात असलेला. तो घरात आला, खोक्याभोवती चिकटपट्टी फिरवायला वाकला आणि तसाच थांबला.

“काय रे,” तो म्हणाला, “सुके मासे पाठवतोयस का?”

“नाही,” रेनांते म्हणाला.

“मग ओले?”

आम्ही सगळ्यांनी खोक्यात नाकं घातली. मला कसलाच वास आला नाही. मानांग पेर्लालाही नाही. येणार कसा? आमची नाकं कधीच कामातून गेलेली. खोका दोन महिने उघडा होता जिन्याखालच्या जागेत, आणि त्याच्या शेजारच्याच खुंट्यांवर आम्ही रोज कामावरून आल्यावर ओले रबरी कोट आणि एप्रन टांगत होतो. पुठ्ठा काय नुसता बसून राहील? तो पीत होता.

रेनांते पायरीवर मटकन बसला. “मानोय,” म्हणजे दादा, तो मला म्हणाला, “अख्खी गल्ली डोकं घालणार यात. ताताय पण.”

“मग सांगून टाक ना खरं,” मी म्हणालो.

“काय सांगू? समुद्र ओलांडून इतक्या लांब येऊन मी तेच करतोय जे आमच्या अंगणात होतं? आणि तेही त्यांनी आधी विचारलेलं असताना?”

नशीब असं, की त्या दुपारी वारा इतका सुटला की गावाबाहेरचा पूल बंद झाला आणि डॅनिलोला मुक्काम करावा लागला. म्हणजे आमच्याकडे दुसऱ्या सकाळपर्यंत वेळ होता.

खोका सगळा रिकामा केला. कपडे धुतले. ते वाळत कुठे घालणार? बाहेर घातले तर मासेच मासे. तेव्हा घरातल्या हीटरवर. मी म्हणालो, थंडीत वास मरतो, गोठवणखोलीत ठेवू. मानांग पेर्ला म्हणाली, “वा रे इंजिनिअर! आणि तुझ्या गोठवणखोलीत काय आहे? गुलाब?” मग कुणीतरी म्हणालं कॉफी. कॉफीची पूड ताटल्यांमध्ये ओतून खोक्यात ठेवली. डॅनिलोला परीक्षक नेमलं, डोळ्यांवर टॉवेल बांधून. त्यानं श्वास घेतला आणि गंभीरपणे निकाल दिला, “मासा. नाश्ता करून आलेला.”

आरडाओरडा ऐकून ओडवार डोकावला. कशासाठी चाललंय ते त्याला मी सांगितलं. फिलिपिनो माणसं माशाचा वास लपवतायत हे त्याला काही केल्या कळेना. इथे सगळं गाव त्याला पैशाचा वास म्हणतं. पण तो मुकाट गेला आणि जुनिपर नावाच्या सुगंधी झुडपाच्या फांद्या घेऊन परतला. त्याची आजी दुधाची भांडी त्या फांद्या उकळलेल्या पाण्यानं धुवायची म्हणे. उकळलं. पुठ्ठ्याला पाणी चालेना, म्हणून फडक्यानं पुसून घेतलं.

डॅनिलोनं पुन्हा टॉवेल बांधला. “आता मासा जंगलात गेलाय.”

शेवटी मानांग पेर्ला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “तुम्ही पोरं चुकीच्या बाजूनं जाताय. वास काढायचा नसतो. त्याच्या उरावर दुसरा बसवायचा असतो.” तिनं खुंट्यांजवळचा जुना पुठ्ठा फेकून द्यायला लावला, स्वतःच्या खोलीतून स्वतःचा कोरा खोका आणला आणि वर मला दुकानातून सुगंधी साबणाच्या वड्या आणायला पिटाळलं. प्रत्येक वडीचा कागद फाडला. प्रत्येक फटीत एक. ताताय इस्कोंसाठी घेतलेल्या निळ्या जॅकेटच्या तर सगळ्या खिशांत. ते जॅकेट रेनांतेनं थंडीच्या दिवसांत दोन-तीनदा घातलं होतं, म्हणून त्यानं ते पुन्हा एकदा धुतलं.

सकाळी परीक्षक उठले, नाक घातलं, दात चमकवला. “आता फॉरेन!”

टाळ्या वाजल्या. ट्रक गेला. मग जेवताना मानांग पेर्ला सहज म्हणाली, “हा डॅनिलो रात्रभर आपल्याच घरात झोपला होता ना? म्हणजे त्याचंही नाक एव्हाना...”

रेनांतेनं चमचा खाली ठेवला.

त्या दिवसापासून जहाज समुद्रात होतं आणि रेनांते इकडे. सुएझला आहे, सिंगापूरला आहे, सेबूला उतरलं. प्रत्येक बंदराची बातमी तो मला अशी सांगायचा, जणू कुणी पकडायला निघालंय. ओडवारनं त्याला वलांड्यांवरचा मासा चाचपून किती सुकलाय ते ओळखायला शिकवायला घेतलं. आणि याला ते शिकवावं लागलं नाही. अंगठा लावून सांगायचा: हा झाला, हा अजून आठवडाभर. वर “पण मला यात काही रस नाही,” हेही सांगायचा.

जूनच्या सुरुवातीला कॉल आला. आमची सकाळ, त्यांची दुपार. आम्ही सगळे रेनांतेच्या पाठीमागे गर्दी करून. तिकडे अंगण भरलेलं, पहिल्या रांगेत मानांग बेबिंग हात बांधून. नानायनं चिकटपट्टी कापली, डोकं आत घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही.

“लोलिंग, गेलीस की आहेस?” कुणीतरी ओरडलं.

नानाय वर आली ती डोळे मिटून. “अहाहा!”

मग सगळी गल्ली एकेक करून वाकली. मानांग बेबिंगही वाकली. “चांगला आहे,” ती म्हणाली. “दुबईचा जरा गोड असतो. पण चांगला आहे.”

रेनांतेनं माझा दंड इतका घट्ट धरला होता, की आता त्यानं तो सोडल्यावर हातातलं रक्त पुन्हा फिरायला लागलं.

तेवढ्यात ताताय इस्को पुढे आले. इतका वेळ ते होडीपाशी जाळं शिवत बसले होते, म्हणजे बसल्यासारखं दाखवत होते. त्यांनी खोक्यात डोकं घातलं नाही. निळं जॅकेट उचललं, खिशातून साबणाच्या वड्या एकेक काढून बायकोच्या हातात दिल्या, जॅकेट उलटं केलं आणि बाहीची आतली बाजू नाकाला लावली. एकदा. पुन्हा एकदा. मग जॅकेट खांद्यावर टाकून ते फोनसमोर आले. इतके जवळ, की पडद्यावर नुसतं नाक आणि एक डोळा.

“दोंग.”

“हं, ताताय.”

“तू म्हणालास तिकडे थंडीत ऊन नसतं.”

“नसतं, ताताय.”

“मग सुकतं कसं?”

मानांग पेर्लानं मागून रेनांतेच्या पाठीत बोट खुपसलं.

“वाऱ्यावर,” तो शेवटी म्हणाला. “टांगून ठेवतात. तीन-तीन महिने.”

“मीठ किती?”

“मीठ नाही लावत.”

“मीठ नाही?” तो एक डोळा मोठा झाला. “आणि माश्या?”

“एवढ्या थंडीत माशी कुठली, ताताय!”

“थापा मारू नकोस. मिठाशिवाय मासा राहतो होय? दाखव.”

रेनांते तसाच, मोजे घालून, फोन घेऊन बाहेर धावला. आम्ही त्याचे बूट घेऊन मागे. वलांड्यांवर अजून हंगामातला शेवटचा माल होता. तो फोन वर धरून एकेक रांग दाखवत सुटला: हा मार्चचा, हा नंतरचा, ही गाठ अशी मारतात, नाही ताताय, तशी मारली तर वाऱ्यात सुटते, थांबा, पुन्हा दाखवतो. तिकडून प्रश्नांवर प्रश्न. शेपटीला टांगता तर पोटातलं पाणी कुठे जातं? पाऊस आला तर? दोन सुकलेले मासे एकमेकांवर आपटून त्यानं तो लाकडासारखा आवाज ऐकवला, तेव्हा ताताय इस्को हसले. मागून नानाय ओरडत होती, की माझा मुलगा यंत्रांवर आहे, हे काय चाललंय, कुणी मला सांगेल का?

फोन ठेवण्याआधी ताताय म्हणाले, “येताना एक घेऊन ये. बघू तरी, मिठाशिवायचा कसा लागतो.” बस. रागावले नाहीत, समुद्र आटल्याचं काढलं नाही.

रेनांतेनं मात्र धीर करून विचारलंच, “ताताय, तुम्हाला जॅकेटला वास आला, की तुम्हाला आधीपासूनच माहीत होतं?”

ताताय इस्कोंनी भुवया उचलल्या. म्हणजे आमच्याकडे ‘हो’. आणि फोन बंद झाला.

रेनांते आता पुढच्या महिन्यात घरी जाईल. ओडवारनं त्याला पुढच्या हंगामासाठी आत्ताच विचारलंय आणि यानं अजून नाही म्हटलेलं नाही. पण त्याच्या डोक्यात वेगळंच चालू असतं. वलांड्यांवरचे मासे उतरवता उतरवता तो मधेच थांबतो आणि मला विचारतो, “मानोय, ते जॅकेट मी इतक्या वेळा धुतलं, खिशाखिशात साबण होता. मग ते ‘हो’ नक्की कशाला म्हणाले?”