धारणीची सोनोग्राफी

अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात मी एक्स-रे काढतो. नव्या सोनोग्राफी मशीन कुठं बसवायच्या, हे ठरवायच्या बैठकीला मलाही बोलावलं होतं. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांनी यादीत सगळ्या मशीन अमरावतीतच ठेवल्या होत्या. म्हणाले, "मेळघाटातले पेशंट येतातच की इथं."

माझं डोकंच सणकलं. मेळघाटातल्या धारणीकडची एक बाई, नववा महिना लागलेली, त्याच सकाळी घाटातून एसटीनं आली होती. खिडकीवर तिला सांगितलं, आजचे नंबर संपले, मंगळवारी या. ती पायऱ्यांवर बसून होती.

मी उभा राहिलो. "साहेब, धारणीहून आलेली नवव्या महिन्यातली बाई अजून खाली बसून आहे. तुमीच सांगा तिले, मंगळवारी ये म्हणून."

"भावनेवर नियोजन होत नसतं," साहेब म्हणाले.

मी तडक खाली गेलो आणि तिला सोनोग्राफीच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडमनी जेवणाचा डबा बाजूला सारून तपासलं. बाळ आडवं होतं. तिला लगेच भरती केलं, पुढं मायलेकरं दोघंही वाचली.

तिचा सोनोग्राफीचा रिपोर्ट मी लगेच वर जाऊन, चालू बैठकीत साहेबांपुढं आपटला. धारणीला मशीन मंजूर झाली, पोचलीही. ती चालवायला डॉक्टर मात्र अजून दिलेला नाही. धारणीच्या बाया आजही तोच घाट उतरून येतात, आणि मला साहेबांचं तोंड पाहावत नाही.