तिसरी पिन

माझ्या बहिणीचा नवरा मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि मी ते कधी लपवलंही नाही. हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर आहेत. बोलतात कमी, आणि समोरच्याने काहीही ऐकवलं तरी फक्त "बरं" म्हणतात. त्या "बरं"ने माझ्या डोक्यात तिडीक जाते. मी त्यांना 'आपण' म्हणतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी 'आपण'वरून 'तुम्ही'वर यावं असं मला वाटलेलं नाही. जावयाशी असं तुटक वागू नये, असं आई सांगते. मी म्हणतो, मानच देतोय की.

शनिवार पेठेत माझं दुकान आहे. बेस गिटार आणि व्हॉल्व्हवर चालणारे जुने अँप, म्हणजे अँप्लिफायर, दुरुस्त करतो. हे काम करणारे आता फार राहिले नाहीत, त्यामुळे लोकांना माझं तोंड सहन करावं लागतं. गिऱ्हाईक बेस घेतं ते रंग बघून. दांडी डोळ्यासमोर धरून ती सरळ आहे का ते बघायचं असतं, हे कुणाला सुचत नाही. घरी नेल्यावर तारा खडखडायला लागतात. मग व्हिडिओ बघून दांडीच्या आतली सळई पिळायची, ती करकरली की घाबरून माझ्याकडे यायचं आणि आपोआप झालं म्हणून सांगायचं. मी विचारतो, आपण झोपल्यावर ती उठून स्वतःला पिळून घेते का. व्हॉल्व्हच्या अँपचं तर आणखी निराळं. आत काचेच्या नळ्या असतात, त्या तापायला वेळ लागतो, आणि पेटीत माणूस मरेल इतकी वीज खेळत असते. बंद केल्यावरही ती काही वेळ दबा धरून बसते. म्हणून उघड्या अँपमध्ये मी एकच हात घालतो आणि दुसरा पाठीमागे ठेवतो, छातीतून वीज जायला वाट राहू नये. बघणाऱ्यांना तो माझा रुबाब वाटतो, वाटू दे.

बहीण बेस वाजवते आणि वाजवता वाजवता गाते. दिवसा शाळेत गणित शिकवते, सुटीच्या दिवशी आपल्या गटाबरोबर कॅफेत नाहीतर कंपन्यांच्या समारंभात कार्यक्रम करते. चांगली वाजवते. तिच्या तोंडावर मी हे म्हणत नाही, पण माझ्या दुकानात ऐट करत येणाऱ्या बहुतेकांपेक्षा तिचा हात स्वच्छ आहे. आवाज खालच्या पट्टीतला, त्यामुळे माइकला ओठ टेकवून गायची तिला सवय आहे. नवऱ्याला काही वाजवता येत नाही. ते अँप उचलतात, वायरी गुंडाळतात आणि कोपऱ्यात उभे राहतात.

हा अँपही त्यांनीच आणलेला. कंपनीच्या कामाने इंग्लंडला गेले होते, तिथे कुणाकडून तरी जुना विकत घेतला आणि मला एका शब्दाने न विचारता घेऊन आले. उघडून पाहिला. आवाज उत्तम, पण मुख्य ट्रान्सफॉर्मर ओलीत राहून कामातून गेल्यासारखा. तसा आता मिळत नाही. त्यातून वीज थोडी थोडी पेटीच्या पत्र्यात झिरपते आणि पत्र्यातून बेसच्या तारांपर्यंत येते. तिला निघून जायची वाट म्हणजे प्लगची तिसरी, जाड पिन, अर्थिंगची. ती आहे तोवर भीती नाही. ती नसेल, तारा बोटांखाली असतील आणि ओठ माइकला लागले, तर वीज तुझ्यातून जाईल, असं मी बहिणीला नवऱ्यादेखत बजावलं होतं. दोघांनी माना डोलावल्या होत्या.

काही महिन्यांनी ते अँप घेऊन दुकानात आले. म्हणाले, हम येतोय. हम म्हणजे गाण्याच्या मागे सतत घुमत राहणारी, म्म्म अशी घरघर. मी आधी प्लग बघितला. तिसरी पिन स्क्रू सोडवून काढलेली होती. हम घालवायचा हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात मूर्ख उपाय आहे. अँपचं अर्थिंग एका वाटेने, माइक आणि वाद्यांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरचं दुसऱ्या, आणि दोघांना जोडणारी वायर मधे, की घरघर सुरू होते. एक पिन काढली की सगळं गप्प. शिवाय पिन काढली तरी मिक्सरकडे जाणाऱ्या त्या वायरीतून वीज निसटत राहते, त्यामुळे महिनोन्‌महिने कुणाला काही होत नाही आणि लोक म्हणतात, बघा, काही होत नाही. ज्या दिवशी ती वायर निघून येते त्या दिवशी होतं.

दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी विचारलं, आपल्याला दुसरं लग्न करायचं आहे का. गिऱ्हाइकं हसली. ते म्हणाले, "बरं." मी नवा प्लग लावला, अँप चालू करून ऐकला. हमचा मागमूस नव्हता. तो आपल्या कानात असेल, असं सांगून मी अँप त्यांच्या हवाली केला.

पुन्हा आले. तीच तक्रार, तीच पिन गायब. मी हमबद्दल अक्षर ऐकून घेतलं नाही. पिन लावली आणि आपल्यासारख्या शिकलेल्या माणसांसाठी प्लगवर चित्र काढून देऊ का म्हणून विचारलं. तिसऱ्या वेळी मी कुणालाही उघडता येणार नाही असा, साच्यातला सबंध प्लग लावला. तो परत आला तेव्हा पिन बुडापासून करवतीने कापलेली होती. कापलेली जागा घासून गुळगुळीतसुद्धा केलेली. मी त्या माणसाकडे बघत राहिलो. माझ्या बहिणीच्या जिवावर उठलेला माणूस इस्त्रीचा शर्ट घालून समोर उभा आहे आणि मला विचारतो आहे, हमचं काही करता येईल का. मी म्हणालो, आपण दुकानाच्या पायऱ्या उतरा, हम थांबेल. प्लग बदलून अँप दारात ठेवला. तो उचलून ते गाडीकडे गेले.

त्या वर्षी धोंड्याचा महिना आला. सदाशिव पेठेत आईकडे लेक-जावयाला जेवायला बोलावलं होतं. पुरणाचे धोंडे, अनारशांचं ताट, ताटात दिवा, जावयाला नवे कपडे, सगळं साग्रसंगीत. आई पहाटेपासून राबत होती. बहीण आली तेव्हा तिच्या खालच्या ओठावर काळपट, लहानसा फोड होता. आईने विचारलं तर म्हणाली, चहाने भाजलं. चहाने ओठ भाजतो तेव्हा सगळा भाजतो. हा फोड टाचणीच्या डोक्याएवढा होता आणि बरोबर तिथे होता, जिथे माइकची जाळी लागते. मी त्यांच्या गाडीची किल्ली मागून घेतली, खाली गेलो, डिकीतल्या अँपचा प्लग बघितला आणि वायर काढून वर आणली.

आई जावयाचे पाय धूत होती. हे एरवीही मला बघवत नाही. मी अनारशांच्या ताटात, दिव्याशेजारी, ती पिन कापलेली वायर ठेवली आणि आईला म्हणालो की हेही वाण दे, कारण या गृहस्थांनी तुझी मुलगी जवळजवळ मारली आहे. मग मी थांबलो नाही. इतक्या वर्षांचं जे जे साठलं होतं ते सगळं बाहेर काढलं. न विचारता आणलेला अँप, करवत, ते "बरं", सगळं. आईचा हात पाण्यातच राहिला. ते पाटावर बसून होते, ओल्या पायांनी, आणि माझ्याकडे नाही तर बहिणीकडे बघत होते.

"पिन मी कापली, दादा," बहीण म्हणाली.

मला वाटलं ती नवऱ्याला पाठीशी घालते आहे. मी तसं म्हणालोही.

"प्रत्येक वेळी मीच काढली. ते तुझ्याकडून लावून आणायचे आणि मी काढायचे. आमची यावरून भांडणं झालीत, विचार त्यांना. मी हळू गायला लागले की मागे घरघर. लोक तोंडं वाकडी करतात. ते चारदा हम घेऊन तुझ्याकडे आले. एकदा तरी ऐकलास तू तो?"

मी म्हणालो, अँप चालू करून ऐकला होता, दुकानात हम नव्हता. ती म्हणाली, मिक्सर जोडला होतास का. मिक्सर नसेल तर हा हम येतच नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज ऐकवतो. ते मिक्सर आणायला तयार होते, बहिणीने सांगितलं, पण पहिल्याच वाक्याला मी दुसऱ्या लग्नाचं काढलं. परवाच्या कार्यक्रमात कुणाचा तरी पाय अडकून मिक्सरची वायर निघाली आणि तिच्या ओठाला झटका बसला. ती मागे ड्रमवर पडली. उठून तिने उरलेली गाणी गायली.

मी जावयांना विचारलं, मला सांगितलं का नाही. त्यांनी पाय पुसले. म्हणाले, "तिने सांगू नका म्हटलं होतं. आणि तुम्हाला मीच हवा होतो."

आईने ताटातून वायर उचलून माझ्या हातात दिली आणि त्यांच्या पायांवर पुन्हा पाणी घातलं. बहीण म्हणाली, हम असेल तर पिन राहणार नाही, शनिवारी कार्यक्रम आहे. तिला मी ओळखतो. तिने हे रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून मला जास्त भीती वाटली. जेवण मी कसंबसं उरकलं आणि तिघं दुकानात गेलो. अँप आणि मिक्सर त्यांनी गाडीतून वर आणले. सगळं जोडलं, नवा प्लग लावला, अँप तापला आणि हम आला. चांगला दणदणीत, लाज वाटावी असा.

मिक्सरच्या वायरीत मधे एक लहान ट्रान्सफॉर्मर बसवला. आवाज पुढे जातो, अर्थिंगची जोडणी तुटते, घरघर थांबते. चहा निवेपर्यंत संपलं इतकं ते काम. पण आता ही वायरही वीज वाहून नेणार नव्हती. पुन्हा पिन कापलीस तर पहिल्याच गाण्याला संपशील, असं मी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, आता कशाला कापू.

मी तारा आणि माइकची जाळी यांच्यामधे मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. मीटर तिच्यासमोर धरून म्हणालो, बघ, काही नाही, गा. तिने बेस गळ्यात घातला, माइककडे वाकली आणि बोटभर अंतरावर थांबली. डावा हात तारांवरून आपोआप उचलला गेला. पुन्हा वाकली, पुन्हा थांबली. मी मीटर आणखी पुढे केला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

ते पुढे आले. तिच्या बेसच्या चारही तारा त्यांनी मुठीत घट्ट धरल्या, वाकले आणि माइकवर ओठ दाबून तसेच उभे राहिले. मग रुमालाने माइक पुसला आणि बाजूला झाले. तिने ओठ टेकवले आणि गायला लागली. आवाज स्वच्छ होता. मीटर हातात धरून मी उभा होतो, आणि त्या माणसाचा मला जितका राग तेव्हा आला तितका आयुष्यात कधी आला नव्हता.