ताईंची चार वाजताची किटली

वत्सलाताईंची आणि माझी पहिली भेट झाली ती एका बकरीमुळे. माझ्या यजमानांची बदली भोरला होऊन आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. संस्थान विलीन झाल्याला फार दिवस झालेले नव्हते. सकाळी दार उघडले तर अंगणातल्या नव्या जास्वंदीवर एक बकरी ताव मारीत होती, आणि तिच्यामागून पांढऱ्या नऊवारीतल्या एक बाई धापा टाकीत येत होत्या. मी काही बोलण्याआधीच त्या म्हणाल्या, “ही आमच्या धोंडीबाबांची. तुमची तक्रार रास्त आहे. चार वाजता पागेत या आणि त्यांच्या तोंडावर करा. चहा मात्र तुम्हालाच ओतावा लागेल.”

मला काही समजले नाही, पण मी गेले. आज ताईंच्या साठाव्या वाढदिवसाच्या या अंकासाठी लिहायला बसले आहे, ती त्या दिवशी गेले म्हणून.

संस्थानची जुनी पागा म्हणजे ताईंचा वृद्धाश्रम. घोडे गेले होते, पण भिंतीलगतच्या दगडी गव्हाणी तशाच होत्या. त्यांत आता म्हाताऱ्यांच्या ट्रंका आणि वळकट्या असत. मुलींच्या शाळेतली नोकरी सोडून ताईंनी हे काम अंगावर घेतले, तेव्हा गावातल्या शहाण्या माणसांनी त्यांना सांगितले होते की ही म्हातारी माणसे सरळ असती तर त्यांच्या घरच्यांनीच ठेवून घेतली असती. ताईंनी ते कबूल केले आणि दुसऱ्या दिवशी चूल मांडली.

माणसे खरोखरच सरळ नव्हती. काशीबाई राजवाड्याच्या मुदपाकखान्यात राबलेल्या. कोणताही पदार्थ तोंडात घालण्याआधी “वाड्यावर आसं नव्हतं” हे त्यांचे ठरलेले. रहीमचाचा याच पागेतले नालबंद. कोपऱ्यातली गव्हाण ‘बिजली’ नावाच्या घोडीची, म्हणून तिथे ते कोणाला हात लावू देत नसत, आणि काशीबाई नेमक्या तिथेच कुरडया वाळत घालीत. धोंडीबाबा वेल्ह्याच्या वरच्या वाडीतले धनगर. ते खोलीत झोपत नसत. अंगणात घोंगडीवर पडत आणि बकरीला मात्र खोलीत ठेवीत.

माझे शिक्षण पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये झालेले. घंटा झाली की रांग आणि रांगेत शांतता, ही माझी शिस्तीची कल्पना. ताईंची शिस्त वेगळी होती. दिवसभरात कोणाला कोणाचा राग आला तर तो चार वाजेपर्यंत पोटात ठेवायचा. चारला सगळ्यांनी ओसरीत बसायचे. ज्याची तक्रार असेल त्याने ती समोरासमोर सांगायची आणि तोपर्यंत मध्ये कोणी बोलायचे नाही. मग तक्रार करणाऱ्यानेच किटली उचलून ज्याच्यावर तक्रार केली त्याला चहा ओतून द्यायचा. निकाल कोणी द्यायचा नाही.

सुरुवातीला काशीबाई रहीमचाचांच्या वेळी आपला कप बशीत पालथा घालीत. ताईंनी त्यांना कधी टोकले नाही. चाचा किटली घेऊन समोर उभे राहत, थोडे थांबत आणि परत जात. एका थंडीत काशीबाईंनी आपणहून कप सुलटा केला. “गारठा लई हाय आज,” एवढेच म्हणाल्या. चाचांनीही तो काठोकाठ भरला आणि म्हणाले, “पर कुरडयांची तकरार मी सोडली न्हाई बरं का, काशीबाई.”

ताईंच्या मायेचीही हीच तऱ्हा होती. माझे यजमान गेले तेव्हा मी दार लावून घरात बसले होते. येणारे-जाणारे समजूत घालून जात. ताई आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “रहीमचाचांची तुमच्यावर तक्रार आहे. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणारे कोणी नाही. चारला या.” मी गेले. चाचा मला खरोखर रागे भरले आणि मग त्यांनी चहा ओतला. त्यानंतर मी पागेतली झाले.

पुढे अडचणीचे दिवस आले. पागेची जागा सरकारला गुदामासाठी हवी होती. ज्या पुण्याच्या समितीच्या आधारावर आश्रम चाले, तिच्यातही आश्रम मोडावा आणि माणसे निरनिराळ्या संस्थांत वाटून टाकावीत असे मत पडू लागले. धोंडीबाबांना तर वाडीवर जावयाकडे धाडायचे घाटत होते, आणि जावयाला ते नको होते. तेव्हा ताईंच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या ओळखीने पुण्याचा एक तरुण चित्रपटवाला आश्रमावर छोटा चित्रपट काढायला तयार झाला. तो पाहून समिती ठरवणार होती.

त्याने सगळ्यांना धुतलेले कपडे घालायला लावले, हात जोडून ओळीने बसवले आणि “भजन म्हणा” असे सांगितले. धोंडीबाबा कॅमेऱ्याकडे लांडग्याकडे पाहावे तसे पाहू लागले. रहीमचाचांनी डोळेच मिटून घेतले. चित्रपटवाला रडकुंडीला आला. ताई त्याला म्हणाल्या, “चार वाजेपर्यंत थांबा. तुमचे यंत्र ओसरीत ठेवा आणि गप्प बसा.”

त्याने ऐकले. त्या दिवशी धोंडीबाबांची काशीबाईंवर तक्रार होती. काठी हलवीत ते असे काही कडाडले की यंत्रामागचा माणूस दचकला.

मला काळजी वाटली. मी म्हटले, “ताई, समितीला हे दाखवायचे? भांडण काढून टाकायला सांगू या ना.”

“मग उरेल काय?” त्या म्हणाल्या. “म्हातारपणी जेवण कुठेही मिळते हो. हक्काने भांडायला माणूस मिळत नाही. आपल्याकडे तो मिळतो. तेच दाखवू.”

चित्रपटात आवाज नंतर भरायचा होता. त्याआधीच समितीची मंडळी कापूरहोळला एस.टी. बदलून दुपारी भोरला आली, कारण जागेचा निर्णय आणखी लांबवता येत नव्हता. चित्रीकरणानंतरच्या थंडीत धोंडीबाबा वारले होते. पागेत अंधार करण्यासाठी खिडक्यांवर जे काही टांगले, त्यात त्यांची घोंगडीही होती. म्हातारी मंडळी पुढे सतरंजीवर बसली आणि समिती मागे खुर्च्यांवर.

पडद्यावर धोंडीबाबा आले. काठी हलत होती, तोंड हलत होते, आवाज नव्हता. समितीचे अध्यक्ष शेजारी बसलेल्या ताईंकडे झुकले.

“हे भांडताहेत का हो?”

“हो.”

“रोज?”

“रोज.”

“मग यांना एकत्र ठेवायचे तरी कशाला?”

ताई शांतपणे म्हणाल्या, “पुढे पाहा.”

तेवढ्यात अंधारातून काशीबाईंचा आवाज आला. “त्यो म्हनतोय, काशे, तुजा हात आजून वाड्यावरच हाय. मीट समदं तिकडंच पडतंय, आमच्या आमटीत न्हाई.”

कोणीतरी फसकन हसले. रहीमचाचा म्हणाले, “आन् बकरीचं? त्ये सांग की!”

“सांगती की! म्हनतोय, माज्या शेरडीला रानटी म्हनलीस. ती तुज्यापरीस गुणाची हाय, खाती आन् गप बसती.”

आता खुर्च्यांवरचेही हसू लागले. स्वतःवरची तक्रार काशीबाई शब्द न् शब्द, धोंडीबाबांच्याच हेलात सांगत होत्या. मग पडद्यावर धोंडीबाबांनी काठी खाली ठेवली, घोंगडीच्या टोकाने गरम किटली धरली आणि वाकून काशीबाईंच्या कपात चहा ओतला.

घोंगडी काढली, उजेड आला. चार वाजले होते. काशीबाई उठल्या आणि चुलीवरची किटली घेऊन थेट अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या.

“माजी तकरार हाय, सायेब. तुमच्यावर.”

“माझ्यावर?”

“व्हय. एक गेला त्यो देवानं न्हेला. ऱ्हायल्याली तुमी वाटून टाकाया निगालात. मंग मी भांडू कुणाशी?”

त्यांनी कप भरून पुढे केला. अध्यक्षांनी ताईंकडे पाहिले. “बाई, यावर आता मी निकाल द्यायचा का?”

“इथे निकाल देत नाहीत,” ताई म्हणाल्या. “चहा प्यायचा.”

अध्यक्ष चहा प्यायले. गुदामाला दुसरी जागा मिळाली. आश्रम आजही पागेतच आहे, आणि बिजलीच्या गव्हाणीत आजही कुरडया वाळतात.

ताईंच्या कामाबद्दल या अंकात अधिकारी माणसे लिहितीलच. मला एवढेच सांगायचे आहे की, त्यांनी आमच्यापैकी कोणालाही गोड होण्याची अट घातली नाही. जसे होतो तसे आम्हाला बसवून घेतले आणि आमच्या हाती किटली दिली.

आता माझी ताईंवर तक्रार आहे, आणि ती मी सर्वांसमक्ष करते. डॉक्टरांनी सांगितलेली दुपारची विश्रांती त्या घेत नाहीत. कोणी म्हातारे आजारी आहे असे कळले की भर उन्हात पार आंबवडे गावापर्यंत चालत जातात. विचारले तर “वाटेत सावली होती” म्हणतात. ही तक्रार एका दिवसात मिटणारी नाही. ती मी रोज करणार आणि नियमाप्रमाणे रोज चहाही मीच ओतणार. ताईंनी फक्त चार वाजता ओसरीत असावे, प्रकृती ठणठणीत ठेवावी आणि आपला कप सुलटा ठेवावा. आम्हा सगळ्यांच्या तक्रारी संपेपर्यंत; आणि त्या संपू नयेत, हीच माझी देवाजवळ प्रार्थना आहे.