आई घरची वाट विसरल्या तो गुरुवार

त्या दिवसांत देवापुढे हात जोडले तरी मनात धाकटी जाऊच यायची. मला तिचा हेवा वाटायचा. रिसालीत आमच्या घरी सासूबाईंचं, म्हणजे आईंचं, सगळं मी करायची आणि त्या कुम्हारीला राहणाऱ्या जावेला फोन लावून सांगायच्या, "हिनं मले सकाळपासून जेवाले नाही देलं." त्यांचं उष्टं ताट तेव्हा मोरीतच पडलेलं असायचं. रविवारी जाऊ डबा घेऊन यायची, आई कौतुकानं खायच्या आणि माझ्या पोटात दुखायचं. तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं, वरणात दोनदा मीठ घालणं, चष्मा फ्रिजमध्ये ठेवून मी लपवला म्हणणं, हे सगळं मला छळायला चाललंय असं वाटायचं. सेवा माझी आणि माया तिच्यावर, असं का, म्हणून मी दत्तगुरूंवरच रुसले होते.

एका गुरुवारी आई नेहमीच्या दत्तमंदिरात आरतीला गेल्या त्या परतल्याच नाहीत. हे स्टील प्लांटमध्ये ड्यूटीवर होते. मी तशीच धावत निघाले. वाटभर म्हणत होते, देवा, माया तिलाच मिळू दे, पण या सापडू देत.

आई मंदिराच्या पायरीवर बसल्या होत्या. एक अनोळखी बाई त्यांचा हात धरून शेजारी बसली होती.

"घरचा रस्ता आठवून नाही राहिला त्याईले," ती म्हणाली. "माह्या सासूचंबी असंच सुरू झालं होतं. आमाले वाटे, मुद्दाम करते. रोजचा रस्ता भुलणं हे निव्वळ वयाचं नसते, ताई. डॉक्टरले दाखवा."

ती नागपूरकडची, भावाकडे आलेली. गाडीची वेळ झाली म्हणून लगेच निघाली. मी नावही विचारलं नाही.

डॉक्टरांनी आईंना प्रश्न विचारले, रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला. डिमेन्शियाची सुरुवात होती. आजार पूर्ण बरा होणार नव्हता, पण लवकर कळल्यामुळे पुष्कळ सावरता येणार होतं. "जेवल्याचं त्यांना खरंच आठवत नाही," ते म्हणाले. मी तिथंच रडले.

त्या बाईला कोणी पाठवलं, याचा मी शोध घेत नाही. रोज गुरूंपुढे दिवा लावताना तिच्यासाठी हात जोडते. आजही जाऊ आली की आईंचा चेहरा उजळतो आणि मला टोचतं. तेही मी दिव्यापाशी ठेवून उठते.

काल आईंनी मला विचारलं, "तू कोणाची वो?"

"तुमचीच," मी म्हटलं.

त्या पलंगावर थोड्या सरकल्या आणि मला शेजारी जागा करून दिली.